हातांचा भरवसा

१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
बारकीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. ठमीला वाचून दाखवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याचा कोपरा तोंडात घालून चघळून टाकला. म्हणजे मावशीचं अक्षर तिलाही गोड लागलं म्हणायचं. मला तर ते अजून वाचता येत नाही. आभाळात बसून लिहितेस म्हणून ओळी अशा वाऱ्यावर जातात का गं? सासूबाई परवा विचारत होत्या की तुझी बहीण त्या क्रेनवर दिवसभर बसते, तर तिच्या चहापाण्याचं काय, आणि मुख्य म्हणजे बाकीच्या गोष्टींचं काय. मी म्हटलं, तिलाच लिहून विचारते.

ठमी आता चार महिन्यांची झाली. मान धरते. हे दुकानातून आले की यांच्या चष्म्यावर झडप घालते. जगाच्या चष्म्यांची भिंगं घासून देणारा माणूस, पण स्वतःच्या चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मीच बांधून दिली आहे.

शिवणाचं मशीन सध्या बंद ठेवलं आहे. शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं, ते परत केलं. मोठी कात्री खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना देऊन टाकली. त्यांना हवीच होती.

ताई, एक विचारायचं होतं. ठमीला तू थोडे दिवस तुझ्याकडे नेशील का? मी दमले आहे असं नाही. भांडणही नाही. ती तुझ्याकडे राहिली तर बरं, एवढंच. कारण विचारू नकोस, आणि फोनही करू नकोस. फोन सासूबाईंच्या खोलीत आहे आणि तुझा आवाज ऐकला तर मला बोलता येणार नाही.

तुझा लोभ आहेच. माझ्याबद्दल पुढे काहीही कानावर आलं तरी तो आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

२० नोव्हेंबर

चि. बारकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग आणि सांग की वर जाण्याआधी मी चहा पीत नाही. त्यांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यातच आहे.

आता मुद्द्याचं. चार महिन्यांचं अंगावर पिणारं मूल घेऊन मी पुलाच्या कामावर, पत्र्याच्या खोलीत, सिमेंटच्या धुळीत काय करू? ठमीला हूकला टांगून ठेवू? तू असं काही मागशील हे मला खरंच वाटलं नव्हतं, म्हणून पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. कारण विचारू नकोस म्हणतेस. मी विचारणार. भिंगवाल्यांनी हात उगारला का? सासूबाई काही टोचून बोलतात का? तुझी तब्येत बिघडली आहे का? यातलं एक जरी असेल तर सरळ लिही, मी हातातलं काम टाकून येते. एरवी मात्र पुलाच्या शेवटच्या तुळया चढेपर्यंत मला सुट्टी नाही. इथं दुसरा क्रेनवाला आजारी आहे.

कात्री देऊन टाकलीस हे मला पटत नाही. त्या कात्रीला तू मला कधी बोट लावू दिलं नाहीस. एकदा गुपचूप तिनं कागद कापला म्हणून माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतास. ती कुणाला अशी देऊन टाकतेस?

खरं काय ते लिही. मी तुझी आई नाही, पण आई गेल्यापासून तुझी वेणी मीच घातली आहे. मला फसवता येणार नाही.

वाट पाहते आहे. जिवाला जप.

तुझी,
ताई

२७ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

हे लिहून झाल्यावर तू मला बहीण म्हणशील की नाही, माहीत नाही. वाचून लगेच फाडून टाक.

यांनी हात उगारला नाही. सासूबाई वाईट नाहीत. वाईट मी आहे.

ऑक्टोबरातली गोष्ट. सकाळची वेळ, ठमी माझ्या खांद्यावर होती आणि मी एका हातानं गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली भाजीची गाडी उभी होती, तिच्यावरची निळी ताडपत्री मला वरून दिसत होती. आणि एकदम मनात आलं, हिला इथून सोडून दिलं तर? मी रागात नव्हते गं. ती रडतसुद्धा नव्हती, माझ्या मानेत नाक खुपसून झोपली होती. मी आत पळाले, तिला गादीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. कडी पटकन लागेना.

वाटलं, झालं ते झालं, गेलं. नाही गेलं. चार दिवसांनी गणवेशाचं कापड बेतायला घेतलं. ठमी टेबलाच्या पलीकडे टोपलीत होती, पाय उडवत होती. मी कात्री उचलली आणि तेच, या वेळी कात्रीचं. काय आलं ते मी लिहू शकत नाही. चित्रासारखं आलं, रंगांसकट. त्याच दिवशी कात्री खाली नेऊन दिली. मग अंघोळीच्या पाण्याचं आलं. मग उशीचं. आता घरातल्या ज्या वस्तूकडे बघते ती मला सांगते की माझ्यानं काय करता येईल.

ठमीला आता सासूबाई अंघोळ घालतात. माझी पाठ दुखते असं मी सांगितलं आहे. पाजायला घेते तेव्हा सासूबाईंना काहीतरी निमित्तानं खोलीत बसवून ठेवते. हे परवा हसत हसत म्हणाले की लेकीवर रुसलीस का, तिच्याकडे बघतसुद्धा नाहीस. मी हसले. कशी बघू? बघितलं की येतं.

लहानपणापासून ऐकत आलेय की आपण जसा विचार करतो तसेच आपण घडत जातो. मग मी कशी घडते आहे, ताई? ज्या बायकांच्या बातम्या वाचून आपण पेपर मिटून ठेवतो, त्यांच्याही मनात आधी असंच आलं असेल ना? एक दिवस हे डोक्यातून हातात उतरेल. म्हणून म्हटलं, तिला घेऊन जा. माझ्यापासून लांब ने. आणखी काही मागत नाही.

आशीर्वाद मागायचा हक्क उरला असेल तर तो ठमीसाठी मागते.

बारकी

४ डिसेंबर

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद, तुला आणि ठमीला, दोघींनाही.

तू माझी बहीण आहेस आणि राहशील. हे आधी.

आता नीट ऐक. तू बाळंतपणातून उठली आहेस, झोप नाही, दिवसभर त्या चार भिंती. डोकं रिकामं राहिलं की त्यात काहीबाही शिरतंच. त्याला शिरू द्यायचं नाही. आमच्या इथं सुरक्षा अधिकारी मध्ये एक भाषण देऊन गेले. ते म्हणाले, मनाचा लगाम आपल्या हातात असतो, वाईट विचाराला क्षणभरही जागा द्यायची नाही. तसं कर. तो विचार डोकावला रे डोकावला की त्याला हाकलून लाव. त्याच्या जागी चांगलं चित्र आण. ठमी गणवेश घालून शाळेला निघाली आहे, तूच शिवलेला गणवेश आहे, दोन वेण्या आहेत, असं. आणि मोठ्यानं म्हण, माझं माझ्या मुलीवर प्रेम आहे. दहादा म्हण, शंभरदा म्हण. तुझ्या मनात त्या घाणीला जागाच उरणार नाही.

भिंगवाल्यांना एवढ्यात काही सांगू नकोस, उगाच घाबरतील. जानेवारीअखेर मी येतेच आहे. तोवर तू आतून घट्ट राहा. तुझ्यात ती ताकद आहे.

सगळं ठीक होईल. माझ्यावर विश्वास ठेव.

तुझी,
ताई

१९ डिसेंबर

ताई,

तू सांगितलंस तसं केलं. सगळं केलं.

हाकललं की तो दार सोडून खिडकीतून येतो. सकाळी डोळे उघडताच मी आधी बघते, आला का? हे बघणं म्हणजेच त्याला बोलावणं. मग तुझं वाक्य म्हणते. पुरेसं मनापासून म्हटलं गेलं नाही असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून म्हणते. काल सासूबाईंनी मला मोरीत पुटपुटताना ऐकलं. त्यांनी ठमीला पाळण्यातून उचलून आपल्या खोलीत नेलं.

शाळेच्या गणवेशाचं चित्र पहिले काही दिवस टिकलं. मग एकदा त्या चित्रात, त्या दोन वेण्यांपाशी, कात्री आली. आता तेही चित्र गेलं. तू दिलेली एकच चांगली वस्तू होती, मी तीही नासवली.

माझ्यात ताकद नाही. लगाम माझ्या हातात नाही. आणि हातांचाच भरवसा नसेल तर लगाम असून काय करायचं?

उद्या सकाळी ठमीला सासूबाईंपाशी ठेवून मी निघते आहे. जीव द्यायला नाही, तशी भीती धरू नकोस. जिथं मला कोंडून ठेवतील तिथं जाते. मी कोंडलेली असले की ती वाचली. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ते झालेलं असेल.

यांच्यावर रागावू नकोस. यांना काहीच माहीत नाही.

बारकी

२१ डिसेंबर

ती. ताईंस,
सा. नमस्कार, वि. वि.

मी तुम्हाला आजवर स्वतंत्र पत्र लिहिलं नाही. पहिलंच असं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

काल दुपारी मी दुकानात भिंग घासायला लावलं होतं, तेवढ्यात पोलीस चौकीतून फोन आला. तुमची बायको इथं बसली आहे, घ्यायला या. मला वाटलं अपघात. मशीन चालू टाकून धावलो. चौकीत ही बाकावर बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हवालदारीणबाई तिच्या शेजारी पाण्याचा पेला धरून बसल्या होत्या. त्यांनी मला बाहेर घेऊन सांगितलं की ही सकाळीच आली आणि म्हणाली, मला आत टाका, मी माझ्या मुलीला मारून टाकणार आहे. त्यांनी विचारलं, केलंस काय? ही म्हणाली, अजून काही नाही, म्हणून तर आत्ताच टाका. बाईंनी खूप विचारल्यावर आमचा पत्ता दिला. बाईंनी आधी कुणाला तरी पाठवून ठमी धड आहे ना ते बघून घेतलं. ठमी माझ्या आईच्या मांडीवर खिदळत होती.

हवालदारीणबाईच आम्हाला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या मनाच्या डॉक्टरबाईंनी हिच्याशी एकटीशी पुष्कळ वेळ बोलून मग मला बोलावलं. त्यांनी बारीकसारीक सगळं विचारलं होतं. कुणी कानात काही सांगतं का, मुलीबद्दल राग आहे का, हे विचार हवेसे वाटतात का. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, नव्या आयांना पुष्कळदा होतो, लाजेमुळे कुणी बोलत नाही. हे विचार हिच्या इच्छेच्या उलट येतात, म्हणून तर ही एवढी भेदरली आहे. यातून ही मुलीला काही करेल अशी भीती त्यांना वाटत नाही. गोळ्या दिल्या आहेत, दर आठवड्याला बोलावलं आहे. आणि मूल हिच्यापासून तोडू नका, असं बजावून सांगितलं.

मी तोडलं आहे. घरी आलो तर आईनं ठमीचे कपडे बांधून ठेवले होते. आम्ही ठमीला माझ्या दादा-वहिनींकडे नेऊन ठेवलं. मला वाटलं ही रडेल, आडवी पडेल. ही फक्त बरं म्हणाली आणि ठमीच्या वरच्या दुधाच्या वेळा वहिनींसाठी सांगत बसली. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून निजली आहे. तिनं इतक्या सहज हो म्हटलं, त्याचीच मला जास्त भीती वाटते आहे.

ताई, मला खरं सांगा. ही लहानपणी कशी होती? मांजराचं पिल्लू, चिमणी, काही तरी कधी दुखावलं होतं का हिनं? डॉक्टरबाई सांगतात ते डोक्याला पटतं, पण ठमीला हिच्याकडे द्यायचं म्हटलं की माझे हात पुढे होत नाहीत. मी वाईट नवरा आहे की शहाणा बाप आहे, हे मला कळेनासं झालं आहे.

उत्तराची वाट बघतो. कृपा असू द्यावी.

आपला,
बारकीचा नवरा

२७ डिसेंबर

प्रिय भिंगवाले,
नमस्कार.

तुमचं आणि तिचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. तिचं वाचून मी ऑफिसातून तुम्हाला फोन लावला, तो तुमच्या आईंनी उचलला आणि ती झोपली आहे म्हणून ठेवला. त्यांनाही मी दोष देत नाही. पण आता हे लिहिते ते शेवटपर्यंत वाचा.

नाही, तिनं कधी काही दुखावलं नाही. आता मी तुम्हाला माझं सांगते. हे तिलाही कधी सांगितलेलं नाही.

क्रेनच्या शिडीवर सगळ्यात वरच्या टप्प्याला, केबिनच्या दारापाशी, कठडा संपतो. तिथं माणूस मावेल एवढी फट आहे. खाली नदी. मी कामाला लागले त्या पहिल्या सकाळी तिथं पोचले आणि मनात आलं, टाक पाय. मला मरायचं नव्हतं. मला नवीन नोकरीचा आनंद झाला होता, डब्यात आवडीचं होतं. तरी आलं. दुसऱ्या दिवशी आलं. मी शिडीचे दांडे इतके आवळून धरायची की तळहात सोलून निघाले. चढताना डोळे मिटायची, जे क्रेनवर सगळ्यात धोक्याचं आहे. राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होते. मला शिकवणारे म्हातारे ऑपरेटर होते, त्यांनी माझे हात बघितले आणि विचारलं, शिडीशी कुस्ती खेळतेस का? मी रडत रडत सांगून टाकलं. ते म्हणाले, मलाही येतं, रोज. मी म्हटलं, मग तुम्ही काय करता? ते म्हणाले, काय करायचं, आलास का म्हणतो आणि पुढचा दांडा धरतो.

भिंगवाले, आजही येतं. आज सकाळीही आलं. मी पुढचा दांडा धरला, वर गेले आणि दिवसभर माणसांच्या डोक्यावरून तुळया नेल्या. खालची माणसं माझ्या हातांवर विश्वास ठेवून जेवायला बसतात.

मग तुम्ही विचाराल की हे सगळं माहीत असून मी तिला उलटा सल्ला का दिला. मीही स्वतःला तेच विचारते आहे. तान्ह्या मुलीचं नाव वाचलं आणि मी घाबरले. वाटलं, माझं वेगळं, हिचं वेगळं. घाबरलेल्या माणसानं घाबरलेल्या माणसाला दिलेला सल्ला होता तो. हाकल, झटक, जागा देऊ नकोस! ज्यानं माझे तळहात सोलले, तेच मी तिला करायला लावलं.

आता तुम्ही तसं करू नका. तिनं सहज हो म्हटलं ते माया नाही म्हणून नव्हे. आपण राक्षस आहोत असं तिला वाटत होतं, आणि ठमीला उचलून तुम्ही तिला सांगितलंत की हो, आहेस. दूध कधी द्यायचं ते सांगत बसलेली बाई तुम्ही पाहिलीत ना? ती कोण होती?

मी डॉक्टर नाही. गोळ्या चुकवू नका, तिथं जाणं चुकवू नका, आणि डॉक्टरबाई उद्या काही वेगळं सांगतील तर माझं सोडून त्यांचं ऐका. पण त्यांनी मूल तिच्यापासून तोडू नका म्हटलं आहे. ठमीला घरी आणा. तुमचे हात पुढे होत नसतील तर तसेच, घाबरत घाबरत पुढे करा. मीसुद्धा रोज तशीच चढते.

हे पत्र तिला वाचायला द्या.

तुमची,
ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी पुन्हा लिहायला बसले आहे. अक्षर बघ, तुझ्यासारखं झालंय.

तुझं पत्र यांनी मला दिलं आणि मी वाचत असताना खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात न जाता दादांकडे गेले आणि ठमीला घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या, पोरीला काही झालं तर मी तुला कधी क्षमा करणार नाही. हे म्हणाले, मीही करणार नाही. मग ठमीला माझ्याकडे दिलं. यांचे हात घामानं ओले होते, ठमीच्या झबल्यावर डाग उमटला. ती मला विसरली असेल असं मला वाटलं होतं. तिनं माझी वेणी धरली आणि ओढली.

त्यानंतर सगळं छान झालं असं मी लिहीन असं तुला वाटत असेल तर तसं नाही. डॉक्टरबाई मला जे करायला लावतात ते भयंकर आहे. ठमीला घेऊन मी गॅलरीच्या दारात बसायचं. विचार आला की हाकलायचा नाही, तुझं वाक्य म्हणायचं नाही, सासूबाईंना हाक मारायची नाही. म्हणायचं, विचार आला. आणि जे करत होते तेच करत राहायचं. मी विचारलं की मग लगाम कुठं आहे? त्या म्हणाल्या, काय मनात यावं यावर कुणाचीच सत्ता नाही. आलं की त्याच्या मागं जायचं की आपल्या कामाला लागायचं, तेवढं आपलं, आणि तेही सरावानं जमतं. मला राग आला. सगळा जन्म जातो आणि एवढंच आपलं?

पहिल्या दिवशी मी ठमीला यांच्या अंगावर टाकून मोरीत जाऊन कडी लावून घेतली. दुसऱ्या दिवशीही. यांनी दार वाजवलं नाही, पण बाहेर येरझाऱ्या घालत होते ते ऐकू येत होतं. एकदा मी आतून ओरडले की मला परत चौकीत नेऊन सोडा. ते म्हणाले, तिथल्या बाकावर दोघांना जागा नाही. मला हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की ठमीही रडायला लागली.

परवा मी तिला अंघोळ घातली. किती आठवड्यांनी, मोजत नाही. हे मोरीच्या दाराबाहेर, सासूबाई आत स्टुलावर, पहाऱ्याला बसल्यासारख्या. पाणी कोमट केलं, कोपरानं बघितलं. ठमीला पायांवर घेतलं. आणि तो आला. पूर्वीपेक्षा जोरात, जणू इतके दिवस याच वेळेची वाट बघत होता. कानात घूं घूं झालं. मी म्हटलं, विचार आला. मग उजव्या कानामागं साबण लावला. तिथं मळाची बारीक रेघ होती, मी ती पुसली. मग डाव्या. मग मानेच्या वळ्या. तो गेला नाही, ताई. पूर्ण अंघोळ होईपर्यंत होता. पण ठमी स्वच्छ झाली.

टॉवेलात गुंडाळताना मागं बघितलं तर स्टूल रिकामं होतं. सासूबाई मधेच उठून गेल्या होत्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, दूध उतू जाईल म्हणून गेले. सुऱ्या मात्र त्या अजून आपल्या कपाटात ठेवतात.

मला भीती वाटते. रोज वाटते. लिहीत राहा, थट्टा कर, रागाव, पण लिही.

तुझी,
बारकी

२५ जानेवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद, आणि तुझ्या नवऱ्याला एक शाबासकी.

वारा वाढल्यामुळे काम बंद ठेवलं होतं, तुझं पत्र केबिनमध्ये बसून वाचलं. वर कुणी बघायला नसतं हे किती बरं. खाली उतरले तेव्हा सगळे विचारायला लागले, डोळ्यांत धूळ गेली का. मी म्हटलं, हो, खूप.

तुळया चढायला उशीर होतो आहे, या महिन्यात माझं येणं जमत नाही. तू मनाला लावून घेशील म्हणून लिहायला जड जातंय. पण तू कानामागं साबण लावलास हे वाचल्यापासून मी नसले तरी तू पुढचा दांडा धरशील असं वाटतं. ठमीला घेऊन एकटी राहिलीस की मला कळव. पहिल्यांदा मलाच.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

पहिल्यांदा तुलाच.

आज घरात ठमी आणि मी, दोघीच आहोत. वहिनींना ताप आहे म्हणून सासूबाई सकाळी तिकडे गेल्या. जाताना दारात थांबल्या, मग चपला घालून गेल्या. हे दुकानात निघाले आणि जिन्यावरून परत आले, डबा विसरला म्हणून. डबा हातात होता. पुन्हा गेले, पुन्हा आले, चष्मा विसरला म्हणून. तो डोळ्यांवर होता. मी म्हटलं, आता तिसऱ्यांदा आलात तर मीच दुकानात जाते आणि तुम्ही घरी बसा. तेव्हा गेले. खाली रस्त्यावर उभं राहून बराच वेळ वर बघत होते. मी गॅलरीत गेले नाही. तेवढं अजून होत नाही. खिडकीतून हात केला.

दार लागल्याचा आवाज झाला. घर इतकं मोठं कधी वाटलं नव्हतं. कुणी बघायला नाही, कुणाला हाक मारायची नाही. वाटलं शिंपीणबाईंना वर बोलवावं. दारापर्यंत गेलेही. मग परत आले, ठमीला पाजलं, आणि ती मांडीवरच झोपली तशी हा कागद ओढला. डावा हात तिच्या डोक्याखाली आहे, उजव्यानं लिहिते आहे. म्हणून ओळी तिरक्या.

डॉक्टरबाईंना मी परवा विचारलं की हे कायमचं कधी जाईल. त्या म्हणाल्या, कमी होईल, कधी पुन्हा येईलही, जाईलच असं वचन मी देणार नाही. आधी अशा उत्तरानं मी कोसळले असते. परवा मी त्यांना म्हटलं, माझ्या बहिणीचंही गेलेलं नाही, पण तिचा पूल होत आलाय.

ताई, आत्ता आला.

हे वाक्य लिहितानाच आला. ठमीची टाळू उडते आहे, तिच्याकडे माझं लक्ष गेलं आणि आला. पेन थांबलं होतं, बघ, इथं शाईचा ठिपका पडला आहे. ठिपक्याच्या पुढून मी परत लिहायला लागले. अजून आहे तो. घामही आला आहे. मी तुला ठमीच्या केसांबद्दल लिहिणार होते, तर तेच लिहिते. मागचे केस गळले होते ते पुन्हा येत आहेत. या वेळी कुरळे आहेत. आपल्याकडे कुरळे कुणाचेच नाहीत, यांच्याकडेही नाहीत, त्यामुळे सासूबाई आणि हे दोघंही आपापल्या बाजूचं कुणीतरी दूरचं माणूस आठवत बसलेले असतात. उन्हात ते तांबूस दिसतात. मी बोट फिरवलं की गुंडाळी होते आणि सोडलं की हळूच उलगडते.

अजून आहे. राहू दे.

ठमी हलते आहे. तोंड वेडंवाकडं केलं, आता डोळे उघडले. माझ्याकडे बघते आहे, कोण आहे ते ठरवत असल्यासारखी. आता रडेल. पत्र अपुरंच राहतंय, राग मानू नकोस, बाकीचं पुढं कधी तरी.

तिला घेते.

बारकी